‘शंखिनी’च्या दुसऱ्या कोठारातला तांदूळ

पडदा वर जातो.

एकोडी गावातलं एक अंगण. जानेवारीचा रविवार, सकाळचे दहा वाजलेले. उजवीकडे तणसाचा ढीग, त्याच्यावर पिवळंधमक ऊन. डावीकडे भिंतीला टेकवून ठेवलेला काळा दगड, माणसाच्या छातीएवढा उंच, त्याच्यावर जुनं लुगडं टाकलेलं. मधे चार प्लास्टिकच्या खुर्च्या. मागे पडवीत एक म्हातारी सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडते आहे. कोंबडी येते, म्हातारी ‘हुश्श’ करते, कोंबडी जाते.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मी अडतीस वर्षं काढली. एवढ्याशा प्रवेशावर आमच्याकडे कुणी नाटक उभं केलं नसतं. मीच म्हटलं असतं, ‘अरे, यात एक गाणं टाका, नाहीतर लोक चहाला उठतील.’ पण त्या सकाळी मी तिथे होतो, आणि तिथे जे घडलं त्याच्या मुळाशी माझाही हात होता. म्हणून सांगायला हवं.

चारपैकी एका खुर्चीवर जो उंच, हाडकुळा माणूस ताठ बसला आहे, तो दादाजी कापगते. वय पंचाहत्तर, नौदलातून निवृत्त. ही कहाणी त्याची. पडवीतली म्हातारी रुखमाबाई लांजेवार. तिचा नवरा गोपीचंद एकाहत्तरच्या युद्धात गेला. तो दादाजीचा बालमित्र आणि त्याच्याच जहाजावरचा खलाशी. दुसऱ्या खुर्चीवर रुखमाबाईचा मुलगा धनंजय. बाप गेला तेव्हा हा आईच्या पोटात होता. आता वरठीच्या कारखान्यात कामाला आहे, तिथेच खोली करून राहतो आणि शनिवारी मोटरसायकलने घरी येतो. तिसऱ्या खुर्चीवर त्याची मुलगी तृप्ती, नागपूरला शिकते. चौथ्या खुर्चीवर मी. लाखांदूरहून सकाळच्या एसटीने आलो होतो, कारण त्या दगडावरचा मजकूर माझा होता.

सव्वीस जानेवारीला तलावाच्या पाळीवर गोपीचंदचं स्मारक उभं राहणार होतं. दगडावर कोरलं होतं: ‘शत्रूच्या टॉर्पेडोने पेटलेल्या शंखिनी जहाजावर अखेरच्या श्वासापर्यंत तिरंगा न सोडणारे वीर गोपीचंद लांजेवार.’ धनंजयने फोन करून मागितलं आणि मी पाच मिनिटांत सांगितलं. मला विचार करावा लागला नाही. ते माझ्या तोंडातलं पन्नास वर्षांचं पाठ वाक्य होतं.

ते तोंडात कसं आलं, ते आधी सांगतो.

दादाजी आणि गोपीचंद एकाच मोहल्ल्यातले. अडुसष्ट साली दोघे भरतीला गेले तेव्हा त्यांनी समुद्र कॅलेंडरवरसुद्धा पाहिला नव्हता. साहेबाने विचारलं, पोहता येतं का? गोपीचंद म्हणाला, ‘साहेब, आमच्या तलावात शिंगाड्याचे वेल हायेत. त्या वेलात जो पोहला तो कोठंबी पोहते.’ दोघांनाही घेतलं. गावाला वाटलं, पोरं आता तोफा डागणार. मिळालं काय, तर मालवाहू जहाज.

दादाजी ते स्वतःच सांगायचा. ‘लोकाइले वाटते, नेवी म्हणजे तोफ. आमी हमाल होतो, हमाल. फरक येवढाच का हमालाले पाय टेकाले जमीन असते.’ जहाजाचं नाव शंखिनी. वेग इतका कमी की गोपीचंद म्हणे, याच्यापेक्षा आपली बैलबंडी बरी, तिचे बैल तरी रस्त्यात शेण टाकतात, काहीतरी मागे राहतं. चार कोठारं, माल चढवायच्या जुन्या याऱ्या, आणि कितीही रंग दिला तरी आठ दिवसांत वर येणारा गंज. लढाऊ जहाजांना लागेल ते पोचवायचं, सैन्याला लागेल ते पोचवायचं, आणि रिकामं परत यायचं. कुणी सलाम ठोकत नसे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तार आली. युद्धसेवेत कर्तव्यावर असताना मृत्यू, पार्थिव समुद्रात समर्पित. एवढंच. पोस्टमन म्हणाला, बॉम्ब पडला असेल. गुरुजी म्हणाले, जहाजाला टॉर्पेडो मारतात. दोन दिवसांत टॉर्पेडो ठरला. देह नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि तलावाकाठी जाळला. रुखमाबाई तेव्हा वीस वर्षांची, पाचवा महिना.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. मंडईला नाटक पाहिजेच, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या मंडळाने गोपीचंदवर नाटक बसवलं. गोपीचंद मी झालो. शेवटच्या प्रवेशात जहाज पेटायचं. दोन्ही विंगांतून दोन माणसं पेटत्या टेंभ्यावर राळेची पूड फेकायची, की भपकन पुरुषभर ज्वाळ उठायची आणि पुढच्या रांगेतली माणसं मागे सरायची. मी ज्वाळांच्या मधे झेंडा धरून उभा. होडीतल्या दादाजीला ओरडून सांगायचो, ‘जा मित्रा! माझ्या रुखमेला सांग, तिचा धनी जळाला, पण वाकला नाही!’ बाया हुंदके द्यायच्या. मी आजवर शेकडो भूमिका केल्या. असा टाळ्यांचा पाऊस दुसरा नाही.

त्या पहिल्या प्रयोगाला खरा दादाजी सुटीवर आलेला होता. गणवेशात, पहिल्या रांगेत, खुर्चीवर. नाटक संपलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्याला शाल-नारळासाठी वर बोलावलं. मी अजून गोपीचंदच्याच वेषात, तोंडाला काजळी फासलेली. अंगात आलं होतं माझ्या. मी त्याचा हात धरून तीन हजार माणसांसमोर विचारलं, ‘दादाजीभाऊ, तुम्हीच साक्षीदार! सांगा या मायबाप जनतेला. असंच झालं ना?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बायांच्या बाजूला पाहिलं. तिथे रुखमाबाई सहा महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन बसलेली होती.

‘असंच झालं,’ तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. मी त्याला मिठी मारली. त्याचं अंग लाकडासारखं होतं. मला वाटलं, सैनिकाचं अंग असंच असणार.

नाटक आम्ही अकरा वर्षं केलं. भंडारा, गोंदिया, पार गडचिरोलीच्या जंगलापर्यंत. गावाला टॉर्पेडो पाठ झाला. शाळेतली पोरं पंधरा ऑगस्टला तोच प्रवेश करू लागली.

दादाजी पंधरा वर्षांची नोकरी करून परत आला. शंखिनी त्याच सुमारास भंगारात निघाली. त्याने चार एकर धान केलं, सीताबाईशी लग्न केलं, रीना नावाची मुलगी झाली. त्याच्या वागण्यात दोन गोष्टी गावाला विचित्र वाटत. एक म्हणजे तो भात खात नसे. धानाच्या मुलखात, जिथे पाहुण्याला ‘जेवलास का’ऐवजी ‘भात खाल्लास का’ विचारतात, तिथे हा माणूस लग्नाच्या पंगतीतही घरून बांधून आणलेली ज्वारीची भाकर काढायचा. ‘कापगत्याच्या घरी ज्वारीवाला जन्मला,’ लोक हसत. सीताबाई बिचारी आयुष्यभर दोन चुली सांभाळत राहिली. दुसरी गोष्ट म्हणजे रोवणी, धानाची लावणी. पाऊस लागला, चिखल झाला, की दादाजीचा पहिला दिवस रुखमाबाईच्या बांधीत, म्हणजे तिच्या धानाच्या शेतात. आपलं रोप पिवळं पडलं तरी चालेल, आधी तिचं. दरवर्षी. लोक त्यावरही बोलले. कसं बोलले असतील ते मी लिहीत नाही. सीताबाईने एकदा पाणवठ्यावर एकीला ऐकवलं होतं, ‘तुह्या नवऱ्यानं तुह्याच बांधीत कधी पाय घातला का व? मंग माह्या नवऱ्याच्या पायाचं काय मोजून राह्यली?’

आता अंगणात परत येतो.

तृप्तीने दगडासाठी जहाजाच्या नावाची आणि तारखेची खात्री करायची म्हणून कुठल्याशा निवृत्त नौदल अधिकाऱ्याला पत्र पाठवलं होतं. जुन्या जहाजांचे सेवावृत्तांत जमवणं हा त्यांचा छंद. त्यांनी शंखिनीची इंग्रजीतली चार पानं पाठवली. तृप्तीने ती छापून आणली होती आणि घडी करून हातात घट्ट धरली होती.

‘वाच नं,’ धनंजय म्हणाला. ‘हे पाहुणे एसटीनं आले ऐकाले. काका बी बसले हायेत.’

‘बाबा, तारीख बरोबर आहे. नाव बरोबर आहे. बाकी सगळं असंच आहे, माल वगैरे.’

‘मालच वाच. आजीले मालूम होऊ दे, आजोबा काय काय नेत होते.’

तिने वाचायला सुरुवात केली. इंग्रजी पाहायची आणि मराठीत सांगायची. जहाज दुसऱ्या महायुद्धात परदेशी गोदीत बांधलं. पहिलं नाव वेगळं. त्या युद्धात कोळसा वाहिला, गहू वाहिला, दारूगोळा वाहिला, सैन्याची खेचरं वाहिली.

‘खेचरं?’ पडवीतून रुखमाबाई.

‘हो आजी. दोनशे खेचरं एका खेपेत.’

‘हाव वहिनी,’ दादाजी म्हणाला. ‘पंचवीस वर्सांनंतर बी पाऊस लागला का चवथ्या कोठारातून खेचराचा वास ये. गोपी म्हने, मेलेले जनावरं बी नोकरी सोडत नाहीत.’

सगळे हसलो. रुखमाबाईही पदर तोंडाला लावून हसली. नवऱ्याचं एखादं वाक्य नवं सापडलं की तिचा चेहरा उजळायचा. तिच्याकडे त्याची फार वाक्यं नव्हती. दोन वर्षांचा संसार, त्यातले पाच-सहा महिने सुट्यांचे.

तृप्ती पुढे वाचत गेली. नंतर व्यापारी कंपनीकडे. मग आपल्या नौदलाच्या सेवेत, नवं नाव शंखिनी. एकाहत्तर ऑक्टोबर: तंबू, घोंगड्या, औषधं. नोव्हेंबर: रॉकेलची पिंपं, तोफगोळे. तीन डिसेंबर: युद्ध जाहीर. पाच डिसेंबर: पूर्व किनाऱ्यावर तांदूळ भरला, कोठार क्रमांक दोन. सहा डिसेंबर: खवळलेला समुद्र, झाकणातून पाणी आत.

इथे ती थांबली. पान उलटलं आणि म्हणाली, ‘मग जानेवारीत जहाज दुरुस्तीला गेलं.’

‘पान काहून पलटवलं व?’ रुखमाबाईचे हात सुपावर थांबले होते. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईला पानं बरोबर मोजता येतात. ‘डिसेंबरात तं तुहा आजोबा गेला. थे कोठं हाये?’

‘आजी, ते आपल्याला माहीतच आहे ना.’

‘मंग वाच.’

तृप्तीने बापाकडे पाहिलं. धनंजयने मान हलवली. तिने पान परत उलटलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एका दमात वाचून टाकलं. ‘आठ डिसेंबर. ओल्या तांदळामुळे दुसऱ्या कोठारातली हवा विषारी. तपासणीसाठी उतरलेला खलाशी जी. लांजेवार गुदमरून मृत. नऊ डिसेंबर, समुद्रात दफन. चारशे पोती ओला तांदूळ समुद्रात टाकला. संपूर्ण युद्धकाळात जहाजावर शत्रूचा हल्ला झाला नाही.’

मी दगडावरच्या लुगड्याकडे पाहत होतो.

आधी धनंजय बोलला. ‘चुकलं असन काहीतरी. दुसरा कोणी लांजेवार असन. कागदावर काय, कोणी बी लिव्हते.’ मग तो दादाजीकडे वळला. त्याचा आवाज विनवणीचा झाला होता. बावन्न वर्षांचा माणूस, पण लहान पोरासारखा. ‘काका, तुमी होते नं तिथं. तुमी सांगा. कागद खोटा हाये नं?’

मी रंगमंचावर पन्नास वर्षांपूर्वी विचारलेला तोच प्रश्न. दादाजीने एक शब्द उच्चारला असता, ‘खोटा’, तर सगळं होतं तिथे राहिलं असतं. दगड उभा राहिला असता, बँड वाजला असता, त्याच्याच हस्ते नारळ फुटला असता. आणि ज्या घराच्या बांधीत त्याने आयुष्य वाकवलं, ते घर त्याचं राहिलं असतं. गोपीचंदचं लेकरू त्याला काका म्हणत राहिलं असतं. त्याच्याजवळ गमावण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. सीताबाई जाऊन सहा वर्षं झाली होती.

‘खरा हाये,’ दादाजी म्हणाला. ‘सगळा खरा हाये.’

रुखमाबाईने सूप बाजूला ठेवलं. ‘म्हंजे टॉर्पेडो नाही?’

‘नाही वहिनी.’

‘जहाज नाही पेटलं?’

‘नाही.’

‘मंग थे जळले नाही?’

‘एक केस बी नाही जळला त्याचा.’

ती उठली. पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही आक्रोश करणार. पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि जे बोलली ते अगदी हळू बोलली.

‘भाऊ, तुमच्या नाटकात तुमी जळत होते नं, तवापासून मी चुलीत फुंकर मारली का मले थेच दिसे. केस जळते कसे, कातडं जळते कसं. पोराले शेकाले शेगडी ठेवली का थेच. कोणाचं मडं जळताना मी आजवर नाही पाह्यलं. आन् थे जळलेच नाही म्हन्ता?’

राळेची पूड चारोळीच्या पुडीएवढी लागते एका ज्वाळेला. एवढीशी. ती मी हौसेने जास्त टाकायला सांगायचो.

‘कसे गेले मंग?’ तिने दादाजीला विचारलं. ‘आवाज देल्ला का त्याइनं?’

‘नाही. हासत होता.’ दादाजी खाली पाहून बोलत होता. ‘शिडीनं उतरला. पोत्यात हात घातला. वर पाहून म्हणे, गरम हाये रे, आपल्या ढोलीसारखं. मंग पोत्यावर बसला. थकला माणूस बसते तसा. मले वाटलं, गंमत करून राह्यला. मंग लवंडला. तरास नाही झाला वहिनी. पाच मिनटं बी नाही.’

रुखमाबाईने डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. मी रंगमंचावर हजार निःश्वास टाकले, ऐकले. असा ऐकला नव्हता. ती पायऱ्या उतरून अंगणात आली आणि दादाजीसमोर हात जोडले. ‘देवासारखे धावले तुमी,’ ती म्हणाली. ‘हे मले मालूम नसतं तं मी तशीच मरली असती.’

इथे पडदा पाडता आला असता. कुठल्याही नाटककाराने पाडला असता. मी दादाजीच्या गुडघ्यावर हात ठेवला, बस कर म्हणून. त्याने तो बाजूला केला.

‘हात जोडू नोका,’ तो म्हणाला. ‘पुरं ऐका.’

मग त्याने सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक घरात ढोली असते, बांबूची, शेणमातीने लिंपलेली, माणसाहून उंच. धान ओलं भरलं की ती आतून गरमावते. मग घरातलं कुणीतरी वरून आत उतरतं, धान हाताने वरखाली करतं, हवा लागू देतं. पोरंसोरं हे काम करतात. जेव्हा शंखिनीच्या दुसऱ्या कोठारातून वास येऊ लागला आणि वरच्या अंमलदाराने विचारलं की काय करायचं, तेव्हा दादाजी पुढे झाला. छाती काढून म्हणाला, साहेब, आम्ही धानवाले आहोत, हे आमच्यावर सोडा. अंमलदार दर्यावर्दी घराण्यातला, केस पांढरे झालेला. तो म्हणाला, झाकण उघडून तासभर थांबा. आणि उतरेल त्याच्या कमरेला दोर बांधा.

‘मी हासलो,’ दादाजी म्हणाला. ‘त्याच्या तोंडावर हासलो. म्हन्लं, साहेब, ढोलीत उतराले कोणी दोर बांधते का? साहेबाची पाठ फिरली आन् तासभर न थांबता गोपीले म्हन्लं, तू उतर, मी वर उभा हाओ. साहेबानं नंबर माहा लावला होता. उतराचं माहं होतं. मले भूक लागली होती म्हून मी त्याले पाठवलं. येवढंच कारण होतं, वहिनी. दुसरं काही नाही. माह्या ताटात चपाती होती.’

धनंजय खुर्चीवरून उठला होता.

‘थो लवंडला तवा मी उतराले गेलो. साहेबानं मागून कॉलर धरली. म्हणे, तूही मरशील. वरून चौघं जण पाहून राह्यले होते त्याले. दिसत होता. हात लांब केला तं पोचन असं वाटे. दोर असता तं ओढला असता. वीस मिनटं लागले दुसरी हवा सोडाले. त्या वीस मिनटांत मी त्याले पाहून राह्यलो होतो.’

‘दोर होता का तिथं?’ रुखमाबाईने विचारलं.

‘होता. हुकाले गुंडाळून. इथून थ्या दगडायेवढ्या अंतरावर.’

तिने त्या अंतराकडे पाहिलं. चार पावलं. मग ती वळली, पडवीत चढली, सूप उचललं आणि आत गेली. दार लावल्याचा आवाज झाला नाही. नुसतं लोटलं असावं.

‘माह्या बांधीत दरवर्सी पहिली रोवणी,’ धनंजयचा आवाज फाटला होता, ‘थे याच्यासाठी होय?’

‘हाव.’

‘माहे पुस्तकं, माह्या लग्नाचा मांडव, तृप्ती झाली तवाचा पाळणा. सगळं याच्यासाठी?’

‘पहिले याच्यासाठी होतं,’ दादाजी म्हणाला. ‘मंग तू मोठा झाला.’

धनंजय एक पाऊल पुढे आला. मारेल असं वाटलं. मग त्याने फाटक उघडलं आणि उघडं धरून ठेवलं. दादाजी उठला, काठी घेतली आणि त्या फाटकातून गेला. तृप्ती रडत होती. ती म्हणत होती, मीच कागद आणला, मीच आणला. मी तिला म्हटलं, बेटा, कागदाने फक्त तारीख सांगितली. पण माझं ऐकायच्या अवस्थेत ती नव्हती.

मी दादाजीच्या मागे गेलो. रस्त्यात मी म्हणालो, दोष माझाही आहे. त्या रात्री रंगमंचावर मी तुला कोंडीत धरलं.

तो नेहमी मला हिरो म्हणायचा. ‘हिरो,’ तो म्हणाला, ‘तू मले एक बार इचारलं. त्याच्यानंतर पन्नास वर्सं कोणी इचारलं नाही. तरी मी सांगू शकत होतो. रोज सांगू शकत होतो. तुहा दोष राळेचा हाये. थो तुह्याजवळ ठेव, माहा मागू नोको.’

सव्वीस जानेवारीला तलावाच्या पाळीवर काही झालं नाही. गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. लोकांना दोराचं काही वाटलं नाही, त्यांना टॉर्पेडो गेल्याचं वाईट वाटलं. चावडीवर कुणी म्हणालं, ‘तांदळानं माणूस मरते का कधी? कापगत्याले भ्रम झाला.’ पोरांनी शाळेत तोच प्रवेश केला, झेंडा धरून, लाल कागदाच्या ज्वाळांत. दगड धनंजयने तोंड भिंतीकडे करून ठेवला. त्यावर आता काय कोरायचं, हे त्याने मला विचारलं नाही, आणि ते बरंच केलं.

फेब्रुवारीत रीनाचा फोन आला. ती लाखांदूरलाच दिली आहे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या. बाबांनी खाणं सोडलंय म्हणाली. साकोलीच्या डॉक्टरांनी हृदय थकलं आहे असं सांगून घरी पाठवलं. मी तिच्यासोबत गेलो. दादाजी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. इतका ताठ माणूस, पण घोंगडीखाली काही आहे असं वाटत नव्हतं. मी जुन्या गोष्टी काढल्या, खेचरांच्या वासाची काढली. हसला नाही. मला पाहून फक्त एवढं विचारलं, ‘वहिनी बोलते का कोणाशी?’ मी म्हणालो, बोलते, पण तुझ्याबद्दल नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुखमाबाई आली. एकटी, काठी टेकत. उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. रीनाने पाट टाकला, बसली नाही. तिचे डोळे कोरडे होते आणि चेहऱ्यावर क्षमेचं काही मला दिसलं नाही. नाटकात असतं, म्हणून मी शोधलं.

‘जळले नाही म्हन्लं, तिथंच काहून नाही थांबले तुमी?’ तिने विचारलं. ‘मी हात जोडले होते. मले तेवढ्यावर जगता आलं असतं. दोराचं कायले सांगितलं? आता मले रोज दोर दिसते.’

दादाजीने भिंतीकडून तोंड वळवलं. त्याला ते जड गेलं. रीना आधार द्यायला पुढे झाली तर त्याने हाताने थांबवलं. तो जे बोलला, ते ऐकून रुखमाबाई आली तशी परत गेली. त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही. पहाटे गेला. मातीला रुखमाबाई आली नाही. धनंजय आला, लांब उभा राहिला, आणि खांदा द्यायला माणूस कमी पडला तेव्हा पुढे झाला.

गेलेल्या माणसाच्या तोंडी चांगलं वाक्य घालायची माझी जुनी खोड आहे. एकदा घातलं, आणि त्याने एक बाई पन्नास वर्षं भाजली. म्हणून दादाजीचं शेवटचं बोलणं मी जसं ऐकलं तसंच लिहितो, एकही शब्द न हलवता.

‘वहिनी, दोराचं न सांगता मी बी गेलो असतो तं गोपी कसा मेला थे सांगाले कोणीच नव्हतं.’